२४ की २७ इंच? पहिला वाइडस्क्रीन मॉनिटर घेणाऱ्यांसाठी

मॉनिटरच्या खोक्यावर जे सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते निवडीच्या वेळी सहसा सगळ्यात कमी कामाचं असतं. 'वन मिलिसेकंद', 'एचडीआर', '१.६७ कोटी रंग', 'अल्ट्रा स्लिम'. हे सगळं बाजूला ठेवा आणि एवढंच ठरवा, की दिवसाचे पाच-सात तास तुम्ही त्या पडद्यावर बघणार काय. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर एकच आहे: अक्षरं. एक्सेलचे रकाने, टॅलीतल्या नोंदी, पीडीएफ, मेल, कोड, मराठी मजकूर. सिनेमा आणि क्रिकेट रात्री जेवणं झाल्यावर. म्हणून इथला क्रम वाचणाऱ्या माणसाचा आहे. मुख्यतः गेम खेळण्यासाठी मॉनिटर हवा असेल तर तुमचा क्रम वेगळा असेल.

पहिली पायरी: टेबल मोजा

इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. आपल्याकडे खोक्यावर सेंटिमीटरही छापलेले असतात. ५४.६ सेमी म्हणजे २१.५ इंच, जो '२२ इंची' म्हणून विकला जातो. ६०.५ सेमी म्हणजे २३.८ इंच, हा आपला नेहमीचा '२४ इंची'. ६८.६ सेमी म्हणजे २७ इंच.

पण कर्ण वाचत बसू नका, उंची बघा. मजकूर वरून खाली वाचला जातो आणि वाइडस्क्रीनमध्ये उंचीच कमी मिळते. १६:९ प्रमाणात (रुंदी १६ भाग, उंची ९ भाग) २१.५ इंची पडद्याची उंची जेमतेम २६.८ सेमी भरते. जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर होता, त्याची उंचीही साधारण तेवढीच होती. २३.८ इंचीची उंची २९.६ सेमी आणि रुंदी ५२.७ सेमी. २७ इंचीची उंची ३३.६ सेमी आणि रुंदी ५९.८ सेमी. ज्या कार्यालयांत १९ इंची चौकोनी मॉनिटर काढून २२ इंची वाइड बसवले, तिथे 'पडदा मोठा आला पण पान लहान झालं' अशी कुरकुर ऐकू येते. ती रास्त आहे, उंची खरंच तीन सेंटिमीटरने कमी झालेली असते.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. ए-फोर कागद २१ सेमी रुंद आणि २९.७ सेमी उंच असतो. दोन कागद शेजारी शेजारी उभे धरून टेबलामागच्या भिंतीवर चिकटवा. २३.८ इंची पडद्यावर हे दोन कागद उंचीत अगदी काठोकाठ बसतात आणि बाजूला दहाएक सेंटिमीटर उरतात. म्हणजे वरची मेन्यूपट्टी आणि खालचा टास्कबार धरला, तर पूर्ण पान खऱ्या आकारात मावत नाही, थोडं लहान करावं लागतं. २७ इंचीवर दोन्ही पानं खऱ्या आकारात, पट्ट्यांसकट बसतात. एकीकडे मूळ कागद आणि दुसरीकडे टायपिंग असं तुमचं काम असेल, तर हा फरक रोज जाणवेल.

आता टेबलाची खोली. डोळे ते पडदा हे अंतर ५५ ते ७० सेमी हवं, म्हणजे हात लांब केला की बोटं पडद्याला लागतील इतकं. मॉनिटरचा पाया स्वतःच १८-२० सेमी जागा खातो. बाजारातली बरीच स्टडी टेबलं ४५ सेमी खोल असतात. त्यांच्यावर २७ इंची ठेवला तर तो नाकासमोर येतो आणि दोन्ही कडा बघायला मान वळवावी लागते. टेबल ६० सेमी किंवा जास्त खोल असेल तरच २७ चा विचार करा, नाहीतर २४ घ्या आणि समाधानाने बसा.

१६:१० प्रमाणाचे, म्हणजे १९२०×१२०० पिक्सेलचे (पिक्सेल म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके) २४ इंची मॉनिटर मिळतात. उंचीला ते सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर जास्त देतात. वकील, सीए, प्रूफ तपासणारे यांच्यासाठी मला तो सगळ्यात शहाणा आकार वाटतो. दुर्दैवाने दुकानात क्वचित दिसतो. २१:९ चे लांबलचक पडदे मध्यम आकारात घेऊ नका, उंची आणखी घटते.

दुसरी पायरी: पिक्सेलची दाटी

पडद्यावर किती ठिपके आहेत यापेक्षा ते किती दाट आहेत हे महत्त्वाचं. माहितीपत्रकात याचा आकडा 'पिक्सेल पिच' या नावाने दिलेला असतो. एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंतचं ते अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका लहान, अक्षर तितकं रेखीव.

२३.८ इंची फुल एचडी (१९२०×१०८०): ०.२७४ मिमी
२७ इंची फुल एचडी: ०.३११ मिमी
२७ इंची क्यूएचडी (२५६०×१४४०): ०.२३३ मिमी
२७ इंची फोर-के (३८४०×२१६०): ०.१५६ मिमी

निरोगी डोळ्याला ६५ सेमीवरून साधारण ०.१९ मिमीपर्यंतचे तपशील वेगळे ओळखता येतात. म्हणजे फोर-के सोडला तर बाकी सगळ्यांवर ठिपक्यांची खरखर कमी-जास्त जाणवणारच. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपचा पिच ०.१८ मिमी असतो. त्याची सवय झालेला माणूस २४ इंची मॉनिटर जोडतो आणि 'अक्षरं फाटल्यासारखी दिसतात' म्हणतो. मॉनिटर खराब नसतो, ठिपके मोठे असतात.

मराठीत हा प्रश्न इंग्रजीपेक्षा जास्त टोचतो. देवनागरी अक्षर तीन मजली आहे: वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षराची शेपटी. विंडोजमध्ये नेहमीच्या शंभर टक्के मापावर ११ पॉइंटचं अक्षर जेमतेम १५ पिक्सेल उंचीत बसवलेलं असतं आणि त्यातच हे तिन्ही मजले. शिरोरेषेला एखादा पिक्सेल गेला की उरतं काय? मग घ आणि ध यांच्यात फरक राहतो तो शिरोरेषेतल्या एका फटीचा. भ आणि म यांचंही तेच. गावांची आणि माणसांची नावं दिवसभर टाइप करणाऱ्याला ही फट दिसणं न दिसणं म्हणजे बरोबर नाव आणि चुकीचं नाव.

म्हणून दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर एक मराठी फाइल न्या. त्यात 'कार्त्स्न्य', 'उद्ध्वस्त', 'ऊर्ध्व', 'वाङ्मय', 'महाराष्ट्र' हे शब्द १० आणि १२ पॉइंटमध्ये टाका, जोडीला घ-ध आणि भ-म च्या जोड्या असलेल्या दोन ओळी. विंडोजमधला निर्मला यूआय हा फॉन्ट वापरा, म्हणजे दुकानातल्या संगणकावरही तो सापडेल. सोबत एखादा पीडीएफ सातबारा असेल तर उत्तम. दुकानदार डेमोला फुलपाखरांचा आणि धबधब्यांचा व्हिडिओ लावून ठेवतो, त्यात सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात.

यातून निघणारा माझा सल्ला असा. २४ इंचीत फुल एचडी घ्या. २७ इंचीत क्यूएचडी घ्या. २७ इंची फुल एचडी वाचनासाठी घेऊ नका. तो २४ इंचीपेक्षा थोडाच महाग असतो आणि दुकानदार 'एवढ्यात मोठा येतोय' म्हणून पुढे करतो, पण त्यावर अक्षर मोठं होतं, स्पष्ट होत नाही. ठिपके तेवढेच राहतात, फुगतात. अपवाद एकच: नजर अधू असलेल्या ज्येष्ठांना मोठं अक्षर हवं असतं आणि ते जरा लांब बसून बघतात, त्यांना तो सोयीचा पडतो.

चाळिशी लागलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २७ इंची क्यूएचडीवर शंभर टक्के मापात अक्षर २४ इंचीपेक्षा सुमारे १५ टक्के लहान दिसतं. डिस्प्ले सेटिंगमधलं स्केल १२५ टक्के करा. तरीही २०४८×११५२ इतकी कामाची जागा उरते, फुल एचडीपेक्षा किंचित जास्तच. फोर-के असेल तर १५० टक्के ठेवा. त्यावर मराठी अक्षर छापील पानाच्या जवळ जातं. मात्र जुनी डीटीपी आणि हिशेबाची सॉफ्टवेअर अशा स्केलिंगमध्ये धूसर दिसू शकतात. तुमचं पोटापाण्याचं काम अशा सॉफ्टवेअरवर चालत असेल तर २४ इंची फुल एचडी, शंभर टक्के, विषय संपला.

मॅक वापरणाऱ्यांना वेगळा त्रास आहे. ॲपलने २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून कमी दाटीच्या पडद्यांवर अक्षरं गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत काढली. त्यामुळे २४ इंची फुल एचडीवर मॅकची अक्षरं विंडोजपेक्षाही कच्ची वाटतात. मॅकला शक्यतो फोर-केच जोडा.

तिसरी पायरी: स्टँड

ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर मॉनिटरखाली टेलिफोन डिरेक्टरी ठेवतात, किंवा आता डिरेक्टरी मिळत नाही म्हणून जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी. नेहमीच्या खुर्चीत ताठ बसा आणि टेबलाच्या पृष्ठभागापासून डोळ्यांपर्यंतची उंची कुणाकडून तरी मोजून घ्या. बहुधा ३५ ते ४५ सेमी भरेल. आता मॉनिटरची स्टँडसकट उंची माहितीपत्रकात बघा. उंची कमी असलेल्या व्यक्तीला उंची न बदलणाऱ्या स्टँडवरचा २७ इंची हमखास उंच पडतो, आणि उंच ठेवलेला मॉनिटर खाली आणता येत नाही. खाली ठेवलेला निदान वर उचलता येतो.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा आणखी खाली हवा. जवळचं बघण्याची काच खालच्या भागात असते, म्हणून माणूस नकळत हनुवटी उचलून वाचतो आणि संध्याकाळी मान धरते. अशांनी वर-खाली होणाऱ्या स्टँडला जास्तीचे हजार-दोन हजार खुशाल द्यावेत. स्वस्त मॉनिटर फक्त मागे-पुढे कलतात. ते घ्यायचेच असतील तर मागे व्हेसाची, म्हणजे ठरलेल्या मापाची, चार स्क्रूभोकं आहेत का एवढं बघा, ७५×७५ किंवा १००×१०० मिमी. ती असली की पुढे कधीही मॉनिटर आर्म लावता येतो. आर्मचा चिमटा पातळ पार्टिकल बोर्डवर लावू नका. बोर्ड चुरतो, खाली फळीचा तुकडा घालून मगच आवळा.

चौथी पायरी: पॅनेल आणि बाकीचे आकडे

पॅनेल म्हणजे पडद्याचा प्रकार: आयपीएस, व्हीए, टीएन, ओएलईडी. त्यातलं आयपीएस घ्या. बाजूने बघितलं तरी रंग टिकतात आणि दोघं शेजारी बसून एकच तक्ता बघू शकतात. काळा रंग थोडा राखाडी वाटतो, कारण कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातलं प्रमाण, साधारण १०००:१ असतो. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांतून हलका उजेड झिरपतो, तो या पॅनेलचा स्वभाव आहे. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास असतो, सिनेमाला छान, पण बाजूने रंग फिके पडतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर सरकवला की मागे सावली ओढल्यासारखी दिसते. टीएन वाचनासाठी विसरा. ओएलईडीवर टास्कबारसारख्या एकाच जागी राहणाऱ्या गोष्टींचा कायमचा ठसा उमटण्याची भीती असते, पहिल्या मॉनिटरसाठी ती डोकेदुखी नको. वक्र पडदा २७ इंचाखाली निव्वळ दिखावा आहे, आणि नकाशे किंवा आराखडे काढणाऱ्यांना तर अडचणच.

'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' कोटीत लिहिलेला असतो, तो वाचूही नका. ब्राइटनेस २५० निट्स (निट हे उजेडाचं माप) असला तर खिडकीला पडदे लावलेल्या खोलीला पुरतो. गॅलरीचा उजेड थेट येत असेल तर ३०० च्या वर बघा, आणि काहीही झालं तरी खिडकी पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला ठेवा. मॉनिटर किती रंग दाखवू शकतो यासाठी 'एसआरजीबी ९९ टक्के' हे शब्द शोधा, एसआरजीबी म्हणजे रंगांचा नेहमीचा ठरलेला संच. '७२ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तरी जवळपास तेवढंच मानायला हरकत नाही. '४५ टक्के' दिसलं तर पुढे चला, लाल रंग विटकरी दिसेल. 'एचडीआर' म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक असलेलं चित्र, पण स्वस्त मॉनिटरवर त्याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो इतकंच.

साठ की शंभर हर्ट्झ, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती वेळा नवं चित्र येतं? हल्ली साध्या मॉनिटरमध्येही १०० हर्ट्झ येतो आणि मजकूर वर-खाली सरकवताना तो सुखद वाटतो. आला तर घ्या, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. आतले स्पीकर नसले तरी चालतील. असले तरी ते नसल्यासारखेच असतात.

'फ्लिकर-फ्री' मात्र खरोखर बघा. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा वेगाने चालू-बंद करतात आणि काही जणांना त्याने डोकं दुखतं. दुकानात ब्राइटनेस अगदी खाली आणा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर खूप वेगवान ठेवून पांढरा पडदा बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो मॉनिटर नको. 'लो ब्लू लाइट' म्हणजे पडदा पिवळसर करणं. विंडोजमधला नाइट लाइट तेच फुकट करतो.

पाचवी पायरी: तुमच्या संगणकाची मागची बाजू

हे काम दुकानात जायच्या आधीचं. जुन्या डेस्कटॉपला फक्त व्हीजीए, म्हणजे निळं, पंधरा पिनांचं भोक असेल तर फुल एचडी चालेल, पण सिग्नल ॲनालॉग असल्याने अक्षरांच्या कडा मऊ दिसतात. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच वापरा. जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ प्रकारचा असेल तर क्यूएचडी ६० हर्ट्झपर्यंत ठीक चालतो, पण फोर-के फक्त ३० हर्ट्झवर मिळतो आणि माऊस ओढल्यासारखा फिरतो. फोर-के ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवा.

यूएसबी-सीची एक केबल लावली की चित्रही दिसतं आणि लॅपटॉप चार्जही होतो, ही सोय रोज लॅपटॉप घेऊन ये-जा करणाऱ्यांना सोन्यासारखी. पण लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी भोकातून चित्र बाहेर येत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण आहे का बघा, नाहीतर मॉडेल क्रमांकावरून माहितीपत्रक शोधा. मॉनिटर किती वॅट देतो हेही वाचा. साध्या लॅपटॉपला ६५ वॅट पुरतात.

टीव्ही किंवा जुना मॉनिटर चालेल का?

घरातला ३२ इंची एचडी रेडी टीव्ही जोडून बघायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात आडवे पिक्सेल फक्त १३६६ असतात, पिच अर्धा मिलिमीटरच्या वर जातो. शिवाय बरेच टीव्ही रंगांची माहिती निम्मी करून दाखवतात, त्यामुळे रंगीत अक्षरांच्या कडा पसरतात. भाषणाच्या स्लाइड दाखवायला ठीक, टायपिंगला नाही.

जुना मॉनिटर मात्र कधी कधी नव्या स्वस्त मॉनिटरपेक्षा सरस ठरतो. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्या भाड्याचे किंवा जुने मॉनिटर काढतात, ते रीफर्बिश्ड म्हणून विकले जातात. त्यांना बहुतेक वेळा वर-खाली होणारा, उभा फिरणारा भक्कम स्टँड असतो आणि १६:१० चे नमुनेही तिथेच सापडतात. पांढरा पडदा लावून अर्धा तास चालू ठेवायला सांगा. कडा पिवळ्या पडल्यात का, टास्कबारच्या जागी सावली उरलीय का, ते बघा. एलईडी बॅकलाइटच घ्या, त्याआधीचे ट्यूबवाले नकोत. आणि एचडीएमआय आहे का हे विचारा, बऱ्याच जुन्या ऑफिस मॉनिटरना फक्त व्हीजीए, डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात.

सहावी पायरी: खरेदी

गेल्या काही काळातल्या किमती ढोबळमानाने अशा: २४ इंची फुल एचडी आयपीएस ७ ते १० हजार, २७ इंची क्यूएचडी १५ ते २२ हजार, २७ इंची फोर-के त्याच्या वर. सणासुदीला त्या बऱ्याच हलतात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला गेलात तर एकाच रस्त्यावर भाव पडताळता येतो. कुठेही घ्या, पक्कं बिल घ्या. किमतीत १८ टक्के जीएसटी असतो आणि तुमचा व्यवसाय नोंदणीकृत असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक टाकून घ्या, म्हणजे क्रेडिट मिळतं.

वॉरंटी बऱ्याच कंपन्या ३ वर्षांची देतात, काही एकाच वर्षाची. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: माणूस घरी येतो की मॉनिटर घेऊन जावं लागतं? तालुक्याच्या गावी राहत असाल तर सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे आधी बघा. २७ इंची खोका एसटीत घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं ही शिक्षा असते. मृत पिक्सेलबद्दलही विचारा. एखाद-दुसरा काळा ठिपका बहुतेक कंपन्या दोष मानत नाहीत.

सातवी पायरी: घरी आल्यावर

ऑनलाइन मागवला असेल तर खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा, शिक्क्यापासून पडदा चालू होईपर्यंत. काच तडकलेली निघाली तर विक्रेता पहिल्यांदा तोच मागतो. मॉनिटर उचलताना पडद्यावर बोटं दाबू नका, कडेने धरा.

पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं अशी पाच पूर्ण रंगांची चित्रं एकेक करून पूर्ण पडद्यावर लावा. कायम पेटलेला किंवा विझलेला ठिपका लगेच दिसतो. काळं चित्र रात्री दिवे घालवून बघा. हे सगळं परत घेण्याची मुदत संपायच्या आत करा.

मग सेटिंग. रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा, अक्षर मोठं हवं तर स्केल वाढवा, रिझोल्यूशन कमी करू नका. रिफ्रेश रेट विंडोज अनेकदा ६० वरच ठेवतं, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १०० निवडा. एचडीएमआयवर रंग धुतल्यासारखे वाटले तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची कक्षा 'लिमिटेड' असते, ती 'फुल' करा. स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' (अक्षरं स्पष्ट करणारी विंडोजची सोय) शोधा आणि तो विचारेल त्या नमुन्यांतून निवड करा. ब्राइटनेस कारखान्यातून कमालीचा वाढवून पाठवलेला असतो. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा आणि दोघं सारखे उजळ दिसेपर्यंत तो खाली आणा. बहुतेक खोल्यांत तो २५ ते ४० च्या दरम्यान थांबतो.

खोका आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर कुरिअरवाला त्याशिवाय हातही लावत नाही.